माधवरावांची पार्सलं

माधवरावांना उंचीची भीती वाटायची. गच्चीवरची एकुलती एक खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती, आणि मी तिथे राहिले त्या सगळ्या वर्षांत ते एकदाही वर आले नाहीत. नळ बिघडला की प्लंबरला वर पाठवायचे आणि स्वतः जिन्याच्या तळाशी उभे राहून ओरडून सूचना द्यायचे. "राव, या ना वर, कॉफी घ्या," असं मी सुरुवातीला म्हणून पाहिलं. ते हसून दोन्ही हात हलवत. "मज खालचीच कॉफी पुरे, विद्याबाई."

हा माणूस परदेशातून पॅराशूट मागवेल, असं पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मला ती थट्टा वाटली असती.

मी बँकेच्या बदलीवर सोलापूरहून तंजावूरला आले होते. मेलवीथी या मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत मराठी बोलणारं एक घर आहे, एवढ्यावर मी त्यांचं दार वाजवलं. माधवराव तिण्णेवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, वेष्टी नेसून मिक्सरचं माहितीपत्रक वाचत बसले होते. मी माझं नाव-गाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "सोलापूर? मग तुम्ही छापील मराठी बोलता. आम्ही आपलं घरातलं बोलतों." त्यांचे पूर्वज मराठा राजांच्या मागून इथे आले ते इथलेच झाले. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर वरखाली होत चालायचं, आणि 'मला' न म्हणता ते 'मज' आणि 'येते आहे' न म्हणता 'येऊली' म्हणायचे. आतून त्यांच्या पत्नी सरोजाअक्का ओरडल्या, "काय करूलास म्हणून विचारा तिज, जेवण केलीस का म्हणून विचारा!" त्याच दुपारी मी उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी आणि भात जेवले आणि संध्याकाळी सामान आणलं.

ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत माधवरावांची सगळी नोकरी गेली. रोज बसनं जायचं, बसनं यायचं. निवृत्तीनंतर बस सुटली, पण वाचायची सवय राहिली. औषधाच्या बाटलीसोबतची घडी, साबणाचं वेष्टन, पंख्याचं हमीपत्र, सगळं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. घरात कुणी काही विकत आणलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पूर्ण वाचलात का?" तो मिक्सर त्यांनी दुकानात परत नेला होता, कारण भांड्याचं झाकण किंचित हलत होतं. दुकानदार म्हणाला, सार, थोडंसंच तर सैल आहे. माधवराव म्हणाले, "थोडं सैल आणि जास्त सैल असं नसतं. सैल म्हणजे सैल." त्यानं बदलून दिला. त्या दुकानदाराला मी ओळखत होते. तो म्हणायचा, तुमचे घरमालक गल्लीच्या तोंडाशी दिसले की मी आधी सगळी झाकणं तपासून घेतो.

त्यांना एकच मुलगी, तारा. ती बंगळूरला इंजिनियर होती. उंच नव्हती, पण चालताना सगळा पाय टेकवून चालायची, त्यामुळे उंच वाटायची. घरातलं मराठी तिला सगळं समजे. उत्तर मात्र ती तमिळमध्ये किंवा इंग्रजीत द्यायची. चिडवायचं असलं की तेवढी मराठीत यायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पोंगलला. त्याच सुट्टीत तिनं घरी सांगितलं की ती थायलंडला जाऊन विमानातून उड्या मारायला शिकली आहे, आणि पुढेही मारणार आहे.

सरोजाअक्कांनी चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि त्या मागच्या अंगणात जाऊन बसल्या. माधवराव दिवसभर तिण्णेवर एकच माहितीपत्रक वाचत बसले. दुसऱ्या दिवशी टिफिनच्या वेळी त्यांनी ताराला विचारलं, "तुझ्या पाठीवर होतं ते कोणाचं?"

"तिथलंच, अप्पा. भाड्यानं मिळतं."

"तुझ्या मापाचं होतं?"

"पट्टे आवळून घेतात. मांडीपाशी थोडं सैल होतं, बस."

इडलीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. तारा गेल्यावर त्यांनी मला तिण्णेवर बोलावलं आणि फोन पुढे केला. "हे सामान विकतात कुठे? आपल्याकडे तर दुकान दिसूलं नाही." मी म्हटलं, राव, तुम्ही तिला थांबवत का नाही? ते म्हणाले, "ती थांबायची नाही. माझीच मुलगी आहे. थांबवता येत नाही, तर सैल तरी नको."

मग पार्सलं सुरू झाली. पहिलं आलं शिरस्त्राण, मग मनगटावर बांधायचं उंची दाखवणारं घड्याळ, मग चष्मे, हातमोजे. प्रत्येक वस्तू यायच्या आधी माधवरावांनी तिच्याबद्दल इतकं वाचलेलं असायचं की खोकं उघडताना ते नवीन काही पाहत नसत, फक्त खातरजमा करत. खोकं कापताना चिकटपट्टी ते कधी फाडत नसत. जुन्या ब्लेडनं सरळ चिरायचे. नंतर ती वस्तू तिण्णेवर ठेवून तिच्याकडे बघत बसायचे. गल्लीतली माणसं येता-जाता विचारत, "राव, मोटरसायकल घेतलीत?" ते म्हणायचे, "मुलगी घेऊली." त्या शिरस्त्राणाखाली मोटरसायकल नाही, हे त्यांनी गल्लीला कधी सांगितलं नाही.

युरोपातल्या एका लहान गावात असं सामान विकणारं दुकान होतं. ते एल्का नावाची बाई चालवायची. ती स्वतः पूर्वी उड्या मारत असे. माधवराव तिला कचेरीच्या इंग्रजीत मेल लिहायचे, 'रिस्पेक्टेड मॅडम'पासून सुरुवात. ती उत्तरात 'डिअर माधव' म्हणायची, त्याचा त्यांना संकोच वाटे. एकदा त्यांनी पॅराशूटची एक चांगल्या स्थितीतली जुनी पिशवी निवडली आणि तिला विचारलं, ही तुम्ही स्वतःच्या मुलीच्या पाठीवर बांधाल का? एल्कानं सरळ लिहिलं, नाही, बांधणार नाही. आणि तुम्हालाही विकणार नाही. तो मेल त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. "बघा. वस्तू खोटं बोलत नाही, विकणारा बोलतो. ही बोलत नाही." तेव्हापासून दुसरं दुकान त्यांनी पाहिलं नाही.

चेन्नईच्या कस्टम्समधून फोन आला तो प्रसंग ते स्वतःच रंगवून सांगायचे. पार्सलात एक लहानसं यंत्र होतं. उडी मारणारा बेशुद्ध पडला, तर ते ठरलेल्या उंचीवर राखीव छत्री, म्हणजे दुसरं पॅराशूट, आपोआप उघडतं. त्यासाठी यंत्राच्या पोटात चिमूटभर स्फोटक दारू भरलेली असते. साहेबांना साहजिकच शंका आली. माधवराव रात्रभर रेल्वेनं बसून गेले, कागद दाखवले. साहेब म्हणाले, हे लष्कराचं सामान दिसतं. "मी म्हटलों, सार, हे लढाईचं नाही. हे माझ्या मुलीचं आहे. ती लढत नाही, पडते." साहेब हसले, त्यांनी चहा मागवला, आणि सुटताना विचारलं, "भीती नाही वाटत तुम्हाला?" माधवराव म्हणाले, "वाटते, म्हणूनच आलोय."

शेवटी मुख्य वस्तू मागवायचं ठरलं. पाठीवरची पिशवी आणि तिचे पट्टे, आत दोन छत्र्या, एक रोजची आणि एक राखीव. पिशवी आणि पट्टे अंगाच्या मापानं शिवून येतात आणि त्याला महिने लागतात. एल्कानं मापांची चित्रं पाठवली. खांद्यापासून कमरेच्या हाडापर्यंत, मांडीचा घेर, छातीची रुंदी. माधवराव अडले. मुलीची मापं ते घेणार नव्हते आणि शिंप्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

सरोजाअक्कांनी तोवर त्या सामानाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पार्सल आलं की त्या स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायच्या. त्या दिवशी तारा घरी होती. मी काही कामानं खाली आले होते. माधवराव दाराबाहेर पाठमोरे बसून म्हणत होते, "कुणीतरी घ्या. चुकीचं गेलं तर चुकीचं शिवून येईल." सरोजाअक्का उठल्या, शिवणाच्या डब्यातून टेप काढला आणि ताराला म्हणाल्या, "सरळ उभी राह."

"अम्मा, गुदगुल्या होतात!"

"गप. पोलक्याचं माप घेताना होत नाहीत, आता कशा होतात?"

एकेक माप त्या मोठ्यानं सांगत होत्या, माधवराव बाहेरून लिहीत होते आणि दर वेळी म्हणत होते, "पुन्हा." तिसऱ्या-चौथ्या वेळी सरोजाअक्कांनी टेप खाली टाकला. "तुमचं पुन्हा पुन्हा पुरे. तिचं माप मज पाठ आहे. पोटात होती तेव्हापासून पाठ आहे." तारानं आईला मागून मिठी मारली. मग रंग निवडायचा होता. तारा निळा म्हणत होती. सरोजाअक्का आत वळता वळता म्हणाल्या, "अरक्कू घे. तुज तोच शोभतो." अरक्कू म्हणजे लाखेचा तांबडा, त्यांच्या लग्नातल्या साडीचा. तारानं तोच घेतला.

ते शिवून व्हायचं होतं. मधल्या काळात ताराला रजा मिळाली आणि ती मित्रमैत्रिणींबरोबर पुन्हा परदेशी गेली. तिथे तिनं भाड्याचंच घेतलं. रविवार होता, दुपार. मी कपडे वाळत घालत होते. खाली फोन वाजला आणि माधवरावांचं इंग्रजी ऐकू आलं, नेहमीपेक्षा सावकाश. मग काहीच नाही. त्या शांततेनं मी खाली धावले.

ते हॉलच्या मध्यावर उभे होते. पलीकडून ताराची मैत्रीण बोलत होती, रडत होती, ते मलाही ऐकू येत होतं. खाली उतरताना दुसऱ्या एकाची छत्री ताराच्या छत्रीत अडकली होती. जमीन फार जवळ होती. दोघंही वाचले नाहीत. माधवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "वॉज इट लूज?"

पलीकडच्या मुलीला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला. मग सरोजाअक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिथेच खाली बसल्या.

पुढचे दिवस मी लिहिणार नाही. तेराव्यानंतर एक दिवस एल्काचा फोन आला. इतकी वर्षं मेलवर बोललेली ती दोघं एकमेकांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं त्या मैदानावरच्या ओळखीच्या माणसांकडे चौकशी केली होती. सामान चोख होतं, पट्टे घट्ट होते, छत्री वेळेवर उघडली होती. ताराची चूक नव्हती, सामानाची नव्हती. माधवराव 'येस मॅडम, येस मॅडम' म्हणत राहिले. मला वाटलं, हे ऐकून त्यांना थोडं हलकं वाटेल. फोन ठेवून ते म्हणाले, "चूक असती तर बरं झालं असतं, विद्याबाई. धरायला काहीतरी मिळालं असतं."

सरोजाअक्कांनी त्यांना एकच वाक्य ऐकवलं. मी समोर होते. "तुम्हीच पुरवलंत तिज." त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलायच्या थांबल्या. ताट वाढायच्या, कॉफी ठेवायच्या, औषधाची गोळी पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवायच्या, पण शब्द नाही. माधवरावांनीही त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. हे आपल्याला मिळायलाच हवं, असं धरून ते राहत होते. वाचणं मात्र सुटलं. पोडीच्या म्हणजे सुक्या चटणीच्या, साबणाच्या पुड्या न वाचता फेकल्या जाऊ लागल्या.

आणि मग चेन्नईहून निरोप आला की पार्सल आलं आहे.

एल्कानं आधीच विचारलं होतं, परत घेऊ का? त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ते पुन्हा रेल्वेनं गेले. मी येते म्हटलं, तर नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी खोकं छातीशी धरून रिक्षातून उतरले. रात्रीच्या प्रवासानं डोळे लाल झाले होते. तिण्णेवर टेकून त्यांनी मला सांगितलं, "तोच साहेब होता. मज ओळखला. मुलीचं का, म्हणाला. हो म्हटलों. कशी आहे, म्हणाला." त्यांनी खोकं शेजारी ठेवलं. "बरी आहे, असं सांगितलों. त्याज कशाला सांगायचं?"

खोकं त्यांनी उघडलं नाही. सरोजाअक्कांनी उघडलं. ब्लेड न घेता, हातांनी, चिकटपट्टी ओरबाडून. आत तो लाखेचा तांबडा रंग होता. त्या पट्ट्यांवरून हात फिरवत बसल्या. संध्याकाळी त्यांनी ती पिशवी स्टीलच्या कपाटात, आपल्या रेशमी साड्यांच्या खणात ठेवली. नंतर साड्या उन्हाला काढल्या की तीही काढायच्या, मागच्या अंगणात दोरीवर. उन्हानं नायलॉन कमजोर होतं, छत्रीच्या कापडाला ऊन दाखवू नये, हे माधवरावांना कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. ते खिडकीतून बघत राहत, पण अडवत नसत.

पावसाळा गेला असेल. कोईमतूरहून कयल नावाच्या मुलीचा फोन आला. ताराबरोबर उड्या मारायला शिकलेली. 'अंकल, मला एक जुनी पिशवी स्वस्तात मिळते आहे, परदेशातला एकजण विकतोय, तुम्ही फोटो बघाल का? तारा म्हणायची, अप्पांना विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस.' माधवरावांनी फोन कापला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चष्मा लावून तिण्णेवर बसलेले दिसले. समोर फोनवर त्या पिशवीचे फोटो. कितीतरी महिन्यांनी ते काहीतरी पूर्ण वाचत होते. दुपारी त्यांनी स्वतः कयलला फोन केला. "ती घेऊ नकोस. शिवण उसवून पुन्हा घातलेली दिसते, आणि विकणारा त्याबद्दल एक शब्द लिहीत नाही. तू इकडे ये."

ती आली. काळीसावळी, लांब हातापायांची, बोलताना सारखी घड्याळाशी चाळा करणारी मुलगी. तारा गेल्यापासून तिनं उडी मारली नव्हती. आता मारायची होती आणि भीतीही वाटत होती. माधवरावांनी तिला समजावलं की थांब, पैसे साठव, मापानं शिवून घे. बोलता बोलता ते अडखळले, कपाटाकडे बघितलं, आणि तमिळमध्ये म्हणाले, "घरात एक आहे. नवीन. ऊन खाल्लेलं, तपासावं लागेल. तुला जर..."

सरोजाअक्का दारात येऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता घरात काहीतरी फुटणार. त्या पुढे आल्या, कयलला उभं केलं, तिच्या खांद्यावर एक तळवा ठेवला, दुसरा कमरेवर. मग नवऱ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "ही उंच आहे. तारेचं हिज बसायचं नाही. वर ओढेल, मांडीत रुतेल." इतक्या महिन्यांत त्या नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. माधवरावांनी मान हलवली. सरोजाअक्का आत गेल्या आणि टेप घेऊन आल्या. "हिचं नवीन मागवा," त्या म्हणाल्या, आणि कयलला तमिळमध्ये, "सरळ उभी राह."

माधवराव उठून दाराबाहेर गेले, पाठ करून बसले. आतून माप आलं. त्यांनी लिहिलं. "पुन्हा," ते म्हणाले. सरोजाअक्कांनी पुन्हा सांगितलं.

त्यानंतर त्या घरी बऱ्याच जणांचे फोन येऊ लागले. सगळ्यांना परदेशातून सामान मागवायचं होतं, आणि एकानं दुसऱ्याला सांगितलं होतं की तंजावूरला एक राव आहेत, ते नाही म्हणाले तर ती वस्तू घेऊ नये. माधवराव कुणालाही घे म्हणून गळ घालत नसत. बरेचदा नकोच म्हणत. एल्का त्यांना लिहायची, तुम्ही माझं गिऱ्हाईक कमी करताय. पुढच्या ओळीत आभार मानायची. नवरा-बायको पुन्हा बोलू लागली होती; पूर्वीसारखं नाही, कामापुरतं, पण बोलत होती. रात्रीचं जेवण मात्र दोघांनी एकत्र घेतलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

मला बदलीचा हुकूम आला त्या सुमारास कयलची पिशवी आली. शेजारच्या राज्यात एका लहान धावपट्टीवर ती तारा गेल्यानंतरची पहिली उडी मारणार होती. "अंकल, आंटी, तुम्ही आल्याशिवाय मी विमानात बसणार नाही," म्हणाली. ताराची एकही उडी या दोघांनी पाहिली नव्हती. माधवराव नाहीच म्हणत होते. सरोजाअक्कांनी मला सांगितलं, गाडी ठरव.

सकाळची वेळ होती. वारा नव्हता. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड, तिच्या सावलीत आम्ही तिघं. कयल हात हलवून विमानात बसली, विमान गेलं, आवाज बारीक होत होत नाहीसा झाला. सगळी माणसं वर बघायला लागली. माधवराव वळले आणि शेडच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. वर बघणं त्यांना शक्य नव्हतं. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"उडी मारली?" त्यांनी विचारलं.

"मारली," सरोजाअक्का म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता.

"उघडलं?"

माधवरावांनी माझा दंड पकडला. त्यांची बोटं रुतत होती. सरोजाअक्कांचे ओठ किंचित विलग झाले.

"उघडलं."

"मग?"

"येऊली. सावकाश येऊली. गोल फिरली. आता सरळ येऊली." त्या एकेक शब्द सांगत होत्या आणि माधवराव प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "पाय टेकले. पळाली. थांबली. उभी आहे."

मैदानात लोक ओरडले, टाळ्या वाजल्या. कयल छत्री गोळा करत आमच्या दिशेनं हात हलवत होती. मी तिच्याकडे निघाले, आणि मागे वळून पाहिलं. सरोजाअक्कांचा हात अजून डोळ्यांवरच होता. त्या वरच बघत होत्या. आभाळ कोरं होतं, विमानसुद्धा दिसत नव्हतं.

"अजून कोण आहे वर?" माधवरावांनी हळूच विचारलं.

"कोणी नाही," सरोजाअक्का म्हणाल्या. मान त्यांनी खाली घेतली नाही. आणि माधवराव भिंतीला टेकून, त्यांच्या चेहऱ्यावरची नजर न काढता, तसेच उभे राहिले.